आठ टक्के ओल

बुटीबोरी, रात्रपाळी. दोनचा चहा संपलाय.
मक्याचा भरडा, तांदळाची कणी,
कोंबडीचं ते सगळं, वाळवून दळलेलं,
जे कुणाच्या ताटात येत नाही,
चक्कीतून उतरतं एकाच रंगाचं.

मग वाफ. मग एक्स्ट्रुडर.
आत एकशे तीस डिग्री, बाहेर मे महिना,
फार फरक विचारू नका.
पीठ घट्ट आलं की स्क्रू दातओठ खातो,
पाणी जास्त झालं की डायच्या तोंडातून
लापशी गळते. आवाजावरून कळतं मला.
जमलं तर हाडाच्या आकाराच्या भोकातून
बाहेर पडताच दाब सुटतो, दाणा फुगतो,
अन् पातं कापत जातं:
हाड, हाड, हाड.
तसं हाकललंही जातं कुत्र्याला.

निखाडे मॅडम लॅबच्या दारातून,
"ओल किती, खेमराज?"
"अकरा."
"आठावर आण बावा, बुरशी धरते."
ड्रायरचा पट्टा हळू करतो.
आईच्या मुगवड्यांना गच्चीवर दोन दिवस लागायचे,
अन् कावळे हाकायला मी.

ढोलात गरम चरबीचा फवारा,
वरून कलेजीची भुकटी.
चव सगळी बाहेरूनच.
एकदा चाखलाय. मीठ नाही, तिखट तर नाहीच,
सावजी जिभेला पुठ्ठा लागला.
पिशवीवर सोनेरी कुत्रा, हिरवळ,
आपल्या इकडचं नसलेलं ऊन.

सातव्या वर्षी चावलं होतं मला, इतवारीत.
मेयोच्या बाकड्यावर, पोटात चौदा सुया.
पुढे शाळेत गल्ली बदलून जायचो.
इथे लागलो तेव्हा
हे कुणाला सांगितलं नाही.

सकाळी बस मानेवाडा चौकात सोडते.
तीन येतात, कधी चार,
बाहीला नाक लावतात.
पोहेवाला हसतो, "काऊन भाऊ, मटन आणलं का?"
मी हात वर धरून उभा,
वर्गात शिक्षा झाल्यासारखा.
खिशात सफाईत निघालेले तुकडे,
हाड न झालेले.
ते मी लांब फेकतो, रोज.

काल पोहेवाल्याची गाडी आली नव्हती.
का कोण जाणे, हातावरच धरले.
काळीनं एकेक उचलला,
दात लागू न देता, सावकाश,
मी डोळे मिटेपर्यंत अन् उघडेपर्यंत.

तळवा तसाच ओला घेऊन घरी आलो.
कुलूप डाव्या हातानं उघडलं.