बुडबुडे वाचणारा

सात जण खाली गेलेत.
मी वर, होडीत, उलांडीवर एक पाय टाकून
बुडबुडे वाचतो.

डच जोडप्याचे उकळत्या भातासारखे, घाईघाईचे:
चाळीस मिनिटांत यांची हवा संपणार.
कोरियातल्या दंतवैद्याचे एकेक,
मोजून दिलेल्या सुट्ट्या पैशांसारखे.
आणि सगळ्यांच्या पुढे, ओढीच्या अंगाला कललेले,
लांब अंतरानं येणारे, न चुकता येणारे,
ती माझी सालोमिना.

मी खाली जात नाही.
डावा गुडघा आणि उजवा कान
केव्हाचेच तिथं राहिलेत.
तेव्हा पाठीवर टाकी नव्हती.
टायरमध्ये हवा भरायचा कॉम्प्रेसर,
दातांत धरलेली पिवळी नळी, श्वासाला डिझेलची चव,
आणि समुद्रकाकड्यांनी भरायची गोणी.
सोरोंगचा व्यापारी काकड्यांचे पैसे किलोवर द्यायचा.
गुडघ्याचे वेगळे नाहीत.

पहाटे मी याच पाव्हण्यांना जंगलात नेलं होतं.
शेवाळलेल्या ओंडक्यावर ओळीनं बसवलं,
खोकला आला तर गिळा म्हटलं.
लाल स्वर्गपक्षी आला, उलटा लटकला, पिसारा थरथरवला.
मादीनं पाहिलं, चोच पुसली, निघून गेली.
तो नाचतच राहिला.
डच बाई हसली, मग तिचे डोळे भरले, का ते कळलं नाही.
वरून धनेश गेला
जुन्या जनरेटरसारखा धापा टाकत.

जंगलात मला सगळं दाखवता येतं.
पाण्यात नाही.

आज ओढ फिरली.
बुडबुडे कांबाय टोकाकडे सरकू लागले,
आणि मी वल्हं हातात घेऊन बसलो
जसं काही वल्ह्यानं त्यांना परत वळवता येईल.

तिकडे काही नाही, असं मी तिला
बारा वर्षं सांगत आलोय.
ओढ वाईट आहे तिकडे, म्हणालोय.

बाटली. खत. रॉकेल. वात.
नाताळाआधीचा शनिवार होता,
देवळाला पत्रे हवे होते,
आणि ती आईच्या पोटात सहा महिन्यांची.
आवाज आधी तळपायांना कळतो, मग कानाला.
वर आलेले मासे आम्ही मोजले, तीनशे बारा.
बुडाले ते कुणी मोजायचे?
दोन दिवस पाणी तांदळाच्या धुवणासारखं.
पत्रे अजून आहेत देवळावर. गळत नाहीत.

बुडबुडे तिथंच थांबले.
सातही जणांचे, एका घोळक्यात,
जसे लोक अपघाताभोवती जमतात
किंवा बारशाला.
मी घड्याळ पाहिलं. पुन्हा पाहिलं.

सालोमिना वर आली ती ओरडतच,
कपाळावर मास्कचा लाल वळ:
“बाबा, कालाबिया! भर दुपारी!
पोहत नव्हती, चालत होती, परांवर,
म्हातारी अंधारात चपला शोधते ना, तशी!”

दंतवैद्यानं कॅमेरा पुढं केला.
हातभर लांबीची, ठिपक्याठिपक्यांची मुशी,
चार पर चार पावलांसारखे टेकलेले.
सगळे तिला पाहत होते.
मी तिच्या पायाखालची खडी पाहिली.
मोडलेल्या प्रवाळाची, बोटाबोटाएवढे तुकडे,
कुणीतरी ओतून ठेवल्यासारखी.
एका तुकड्यावर नखाएवढं काहीतरी निळं उगवलेलं.

“इतकी खडी कुठून आली इथं?” सालोमिनानं विचारलं.
“वादळ झालं असेल,” डच नवरा म्हणाला.
“जुनी आहे,” मी म्हणालो.

टाकी उतरवून ती माझ्या शेजारी येऊन बसली,
उजव्या बाजूला.
केस पिळता पिळता, पाण्याकडे बघत,
काहीतरी विचारलं तिनं, हळू आवाजात.
ओठ हलताना दिसले.

तो कान गेलेला आहे, हे तिला लहानपणापासून ठाऊक आहे.

मी इंजिनाची दोरी ओढली.