नवीन फोल्डर तीन

किसुमूत, बस-थांब्याच्या मागे,
आपोंडीच्या सायबर कॅफेत आठ कॉम्प्युटर होते.
आता दोन.
त्यातल्या एकाचं आर हे बटण रुसलेलं,
अर्ज असो की माफीनामा, दोनदा दाबावं लागतं.

भंगारवाला बाराझा सहा डबे किलोवर घेऊन गेला.
मॉनिटर त्याने तोललेच नाहीत. काचेला भाव नाही, म्हणाला.
आपोंडीने तराजूकडे पाहिलं नाही,
पाहिलं ते हातगाडीवरून लोंबणाऱ्या माऊसच्या शेपटीकडे,
पार वळणापर्यंत.

भाचा ओटुओमा, वय एकोणीस, अंगठ्यांनी विचार करतो.
मावशी, गाशा गुंडाळ, म्हणतो.
लोक मोटारसायकलच्या मागे बसून पगार घेतात,
झोपल्या झोपल्या परीक्षा देतात,
शेळी विकतात, नवरी बघतात, सगळं तळहातावर.
आणि तळहातावर मावत नाही ते ढगात.

कुठल्या ढगात, आपोंडीचे वडील विचारतात.
चाळीस वर्षं त्यांनी जाळी टाकली.
इथे तळ्याला नाम म्हणतात, आणि नामावर
रात्री ढग चढला की होड्या उलटतात.
ढगात कुणी काही ठेवतं का?
ढग दिसला की वल्ही मारायची, किनाऱ्याकडे.

ओटुओमा हसतो. आजोबा, तो ढग जमिनीवरच असतो,
कुठल्या तरी थंड देशात, पत्र्याच्या लांबलचक शेडमध्ये.
घरघरतो, तापतो, वीज खातो.
म्हणजे कॉम्प्युटरच की, म्हणाले आजोबा.
दुसऱ्याच्या घरातला.
ओटुओमाने फोनमध्ये मान घातली.

मार्चमध्ये मिलका ओगोला आली.
नवऱ्याचा फोन, कापडात, अंडं आणावं तसा.
मासळी सोसायटीचे हिशेब त्यात, तीन वर्षांचे फोटो त्यात,
आणि फोनला हवा होता ओगोलाचा चेहरा.
चेहरा पंधरवड्यापूर्वीच
गावाकडे, लाल मातीत, आंब्याखाली.

ओटुओमाने आकडे घालून पाहिले.
लग्नाचं साल. होडीचा नंबर. थोरलीची जन्मतारीख.
फोन म्हणाला, तासाभराने या.
मग म्हणाला, उद्या या,
सरकारी कचेरीसारखा.
मिलका काळ्या काचेवर वाकून बघत राहिली.
फोनलाही तिचा चेहरा दिसतच असणार.
तो चालत नव्हता.

तेव्हा आपोंडीला आठवलं,
ओगोला पंख्याखालच्या मशीनवर बसायचा,
तासाचे पैसे देऊन दीड तास.
तेच ते, रुसलेल्या बटणाचं.
पासवर्ड कीबोर्डच्या पोटाला चिकटवलेला, जगजाहीर.
नवीन फोल्डर, नवीन फोल्डर दोन, नवीन फोल्डर तीन.

तिसऱ्यात, होडीच्या इंजिनासाठी कर्जाचा अर्ज,
सुरुवातीचे नमस्कार आणि अर्धं वाक्य, पुढे कर्सर,
अजून थांबलेला.
अख्ख्या अर्जात एकही आर नाही,
दोनदा दाबायची तसदी कोण घेतो.
शिवाय एक फोटो: तळं तिरपं, निम्म्या भागात अंगठा.
बस.
हिशेब नव्हते. चेहरा नव्हता.
बाकी काही असलंच, तर बाराझाच्या तराजूवरून गेलं.

छापून दे, मिलका म्हणाली.
पिवळी शाई संपलेली, अंगठा निळसर आला.
तिने तो फुंकर घालून वाळवला.
पैसे दिले फोनवरूनच,
स्वतःच्या, बटणांच्या.

प्रबंधाच्या दिवसांत पोरं दोन मशीनपुढे रांग लावतात,
साठ पानं अंगठ्याने होत नाहीत म्हणून.
मग पुन्हा शुकशुकाट.
टेबलावर सहा गडद चौकोन आहेत
जिथे बारा वर्षं ऊन पोचलं नव्हतं.
चार्जिंगला आलेली पोरं फोन ठेवतात
बरोबर त्या चौकोनांच्या मधोमध,
कुणी सांगितलेलं नसताना.
आणि आपोंडी, संध्याकाळी फडकं मारताना,
चौकोनांच्या
कडेकडेने पुसते.