दीड ग्रॅम

पारडी नाक्यापुढच्या धर्मकाट्यावर
अकरा वर्षं झाली, मी ट्रक मोजते.
भरलेला वजा रिकामा, उरलं ते लोखंड.
सळया, पत्रे, मोडक्या कूलरच्या जाळ्या,
एकदा तर अख्खा झोपाळा आला होता, कड्यांसकट.
आमचा काटा दहा किलोच्या खाली बोलत नाही.

डॉक्टर उमरेडकरबाईंनी पाठकोऱ्या कागदावर हिशेब मांडला:
वजन अठ्ठेचाळीस, हिमोग्लोबिन सहा पूर्णांक दोन,
पंधरातून ते वजा, मग गुणिले, वर आणखी पाचशे.
मी समोरून उलटं वाचत होते, सवयच आहे.
त्यांच्या आधी माझं उत्तर आलं.
दीड ग्रॅम, त्या म्हणाल्या. एवढं लोखंड तुमच्यात कमी आहे.

आजच्या भावाने
सहा पैसेही नाही.

सेठ हसला: "दिवसभर लोखंडातच तं बसून राहते तू, बाई,
अन् तुलेच लोखंड कमी?"
सासू म्हणाली, गूळ-शेंगदाणे खा, भाजी लोखंडी कढईत कर.
खाल्ले. केली.
गोळ्या घेतल्या चार महिने. पोटाचा दगड झाला,
रक्तात काही चढलं नाही.
चढायची ती मीच, केबिनच्या सात पायऱ्या,
चौथीवर थांबून,
पर्समध्ये काहीतरी शोधत असल्यासारखं करून.

कुणी विचारलं नव्हतं म्हणून सांगितलं नव्हतं:
महिन्याचे नऊ दिवस, सहा वर्षांपासून.
जगाची आवक-जावक लिहिणारी बाई मी,
स्वतःची जावक एकदाही लिहिली नाही.

आणि पेन्सिली.
तेही बाईंनीच विचारलं, नाडी बघता बघता,
माती खाता? खडू? कच्चे तांदूळ?
नाही म्हणाले. मग दारापर्यंत जाऊन परत आले आणि म्हणाले,
पाटीवरच्या पेन्सिली.
इतवारीतून डबा आणते, भाचीसाठी म्हणून सांगते.
भाची पॉलिटेक्निकला आहे.

आधी सिकलची तपासणी, इकडे ती आधीच करतात.
नाही निघालं. मग मे महिन्यातला एक मंगळवार,
तिसरी खाट, खिडकीत वाळ्याचा कूलर,
त्यातलं पाणी संपलं की मोटघरे सिस्टर स्वतः बादली आणायच्या.
बाटलीत बिनदुधाच्या चहासारखं काहीतरी.
"हात हालवू नका, ताई. नसेबाहेर सांडलं तं डाग पडते,
वर्षानुवर्षं जात नाही.
खाज, धाप, छातीत दडपण, काही वाटलं तं हाक मारा."

काही वाटलं नाही. फक्त जिभेवर
लहानपणी दातात धरलेली कपाटाची किल्ली.

थेंब पडत होता. मला वाटलं, हा माल आला कुठून?
कुठली खाण, कुठली भट्टी, कोणत्या काट्यावरून गेला असेल?
पावती मागावी.
शेजारच्या खाटेवर टेका नाक्याची नाहिद, बाळंतीण.
बाहेर व्हरांड्यात तीन-चार पोरं रडत होती,
त्यातलं तिचं कोणतं ते तिला डोळे मिटून कळायचं.
"कितना हुआ, दीदी?"
अर्धं, म्हटलं. उरलेलं पुढल्या मंगळवारी.

आता जून. नऊ पूर्णांक आठ.
सोनोग्राफीत गाठ दिसली आहे, तिचं काय ते दिवाळीआधी बघू म्हणाल्या.
म्हणजे भोक अजून आहेच, नुसती टाकी भरली.
पण परवा केबिनच्या दारात किल्ली लावताना लक्षात आलं,
चौथ्या पायरीवर मी थांबलेच नव्हते.

डबा ड्रॉवरमध्ये तसाच, अर्धा.
काल दुपारी गाड्या नव्हत्या. एक पेन्सिल काढली,
चावून पाहिली.
दगड. नुसता दगड, दातात कचकच.
थुंकले, चूळ भरली, आणि जरा वेळ तशीच बसले,
शेजारपाजारचं कुणी न सांगता
घर सोडून गेल्यासारखी.

मग बाहेर हॉर्न वाजला. भरलेली गाडी.