इंचाला नऊ

यंत्राला नावाची पट्टी नाही.
पट्टीच्या जागी दोन भोकं, आणि त्यांच्यामध्ये
हिरव्या रंगाचा एक चौकोन, कमी विटलेला.
कुपवाडच्या भंगारात किलोवर घेतला हा लेथ.
मोटर चांगली, बेड सरळ,
फक्त स्पिंडलच्या नाकावरचे आटे
बाजारातल्या एकाही चकला ओळख देईनात.

तासगावात माझं कातकाम:
लाटणी, पाळण्याच्या दांड्या, देव्हाऱ्याचे खांब.
आजवर दोन टोकांत धरूनच कातलं.
पण वाटी कोरायची
तर एका बाजूनं लाकूड सोडावं लागतं,
आणि सोडायचं
तर दुसऱ्या बाजूनं धरणारं घट्ट लागतं.

नाकावर कागद गुंडाळला,
पेन्सिल आडवी धरून घासली.
तिरक्या रेघा उमटल्या,
डोंगरावरून द्राक्षबागेच्या ओळी दिसाव्यात तशा.
कागद पाकिटात गेला, वीजबिलाच्या पावतीशेजारी.

सांगलीत श्रेणिक मगदुमाच्या दुकानात
काचेखाली चार जबड्यांचे चक, तेलानं चमकणारे.
कागदाकडे तो बघत राहिला
पत्रिका जुळवायला दिल्यासारखा.
"एक इंच एक सूत? मग सातचा असणार."
सातचा नट घरी नेला.
दीड फेरा गेला आणि अडला.
जोर केला असता तर गेलाही असता,
पण जोरानं गेलेलं
परत निघत नाही.

"मग नाकच कातून घ्या," श्रेणिक म्हणाला,
"जुने आटे खोडा, इंची आठ पाडा.
जगात चालतं ते माप घ्या की."
खोटं नव्हतं. रात्रभर मला ते पटलेलंच होतं.

सकाळी स्पिंडल काढला, टॉवेलात गुंडाळला,
मांडीवर घेऊन एसटीत बसलो.
कंडक्टर म्हणाला, "काय ओ, तोफ हाय का?"
शेजारची बाई जरा सरकून बसली.

दस्तगीर नदाफ, वय सत्तरच्या पुढं,
पत्र्याच्या शेडमध्ये एकच मशीन.
त्यांनी गेजची पानं एकेक करून लावली.
सात: उजेड दिसला.
आठ: उजेड.
नवाचं पान बसलं आणि मधला उजेड गेला.
"इंचाला नऊ," चाचा म्हणाले.
"ही चूक न्हाई.
ज्यानं केलं त्याच्याकडं त्या दिवशी
एवढाच गिअर असंल.
दिवस मावळला असंल, गिऱ्हाईक दारात."

मग म्हणाले, "नाकाला हात लावायचा न्हाई.
मागची प्लेट कोरी असलेला चक आण,
त्यात आटे पाडू ह्याच्या मापानं."
चारशे रुपये जादा पडले.
श्रेणिक हसला, पण कोपऱ्यातला खोका काढून दिला.

दुपारभर एवढंच:
लाव, काढ, पूस.
"अजून अर्धा केस."
लाव, काढ, पूस.
सहाव्यांदा प्लेट आपली आपण फिरत आत गेली
आणि शेवटी बारीकसा आवाज झाला, टक्.
चाचांनी ती पुन्हा उलगडली.
खांद्यावर नख फिरवून
डोळ्याला न दिसणारी एक कीस काढली.
"आटं नुसतं आणून सोडत्यात, बाबा.
धरतो त्यो खांदा.
तिथं टेकलं न्हाई, तर सगळंच वाकडं फिरतं."

पहिली वाटी जांभळीची.
दुसरं टोक सोडताना हात आपोआप पुढं गेला,
लाकूड पडेल म्हणून.
पडलं नाही.
बुडाला जबड्यांचे चार वण राहिले,
ते घासायचे असतात.
घासले नाहीत; वाटी तशीच चाचांना दिली,
त्यात आता ते बिडीची राख झाडतात.

लेथवरच्या दोन भोकांमध्ये
खडूनं लिहून ठेवलंय: एक इंच एक सूत, इंचाला नऊ.
उद्या कुणी हा किलोवर नेला
तर त्याचं एसटीचं भाडं तरी वाचेल.
खडू पुसला जातो.
पंच आणायला सांगितलाय.