इशाऱ्याची घंटा

परंड्याच्या शाळेत वादविवाद स्पर्धा.
फळ्यावर रंगीत खडूनं विषय:
‘क्षेपणास्त्र-कवचामुळे राष्ट्र सुरक्षित होते.’
अस्त्रातला त गळालाय, कुणाचं लक्ष नाही.

माझं काम घंटेचं.
चार मिनिटांना एक टोला, पाचाला दोन.
हेडसरांनी मलाच बसवलं, कारण
सतरा वर्षं मी हवाई संरक्षणात होतो
आणि आता प्रयोगशाळेत परीक्षानळ्या धुतो.

बाजू चिठ्ठीनं ठरल्या.
अल्फिया मुजावरला अनुकूल निघाली.
चिठ्ठी उलगडताना तिचं तोंड मी पाहिलं,
नको तेच निघालं होतं.
तरी पोरगी उभी राहिली, पदर खोचल्यागत
ओढणी खोचून म्हणाली:
ढाल असली की माणूस
तलवार काढायची घाई करत नाही.

मग विश्वंभर शिंगाडे, प्रतिकूल:
ढाल असली की माणसाला
तलवार काढायची भीतीच उरत नाही.
आम्ही माळ्यावरून गोफण मारतो, अध्यक्ष महोदय,
कारण खडा फुकट असतो.
वीस हजारांचं ड्रोन पाडायला
दोन कोटींचा बाण सोडला
तर पाखरं हसतील का नाही?

पाखरं म्हणाला.
माझा हात घंटेवर तसाच राहिला.

डिसेंबर होता. वाळूत निम्मी पुरलेली रडारगाडी.
रात्री तीनला पडद्यावर ठिपका उगवला,
पश्चिमेकडून, खालून, सरळ आमच्याकडं.
आपलं विमान असलं तर विचारल्यावर उत्तर देतं.
ठिपका गप्प.
फोनवर साहेब: बोल, सोडू?
चाळीस सेकंद होते.
चाळीस सेकंदांत या लेकरांचं
‘सन्माननीय व्यासपीठ’सुद्धा आटपत नाही.
मी म्हणलो, थांबा सर.
का म्हणलो, अजून ठाऊक नाही.
ठिपका फुटला, पसरला,
कणीस चोळल्यावर दाणे सांडावेत तसा.
करकोचे.
सकाळी साहेबांनी मला चहा पाजला,
दोघांच्याही बशीत कप वाजत होते.

हे उठून सांगता आलं असतं.
सभागृहानं टाळ्या दिल्या असत्या.
पण मग पुढचंही सांगावं लागलं असतं:
की पलीकडच्या ठाण्यावर
हणमंत घोगरे नावाचा गडी होता,
तोही एका रात्री थांबा म्हणला होता.
त्याच्या गावाला आता
त्याच्या नावाची कमान आहे.

वेळ मोजणाऱ्याला मत नसतं.
दोन टोले दिले.
विश्वंभर वाक्याच्या मधोमध होता,
‘म्हणून’ म्हणाला आणि खाली बसला.

पहिला नंबर अल्फियाचा.
बक्षीस म्हणून फिरती ढाल,
लाकडावर ठोकलेला पितळी पत्रा,
पुढच्या साली घासूनपुसून परत करायची.
फाटकापाशी तिनं मला गाठलं.
काका, खरं सांगू? मला त्याचंच पटलं होतं.
तुम्ही कुणाकडनं?
मी म्हणलो, बाई,
ढाल उलटी धरलीस.

किल्ल्याच्या वाटेनं घरी निघालो.
बुरुजावर तोफ, तोफेवर दोन पोरं, हातात मोबाइल.
खाली दगडी गोळ्यांची रास, तिच्यावर एक शेळी.
चारशे वर्षांत हे गोळे उडालेच नाहीत.
यांना कामी आलेले म्हणायचे
की वाया गेलेले?
शेळीनं माझ्याकडं पाहिलं, रवंथ करत.

दिवस बुडता बुडता
धरणाच्या अंगानं पाखरांची एक ओळ आली,
पश्चिमेकडून, खालून, सरळ.
वरडत होती. कोण आहे ते कळत होतं.
तरी खिशातल्या घंटेचा लोळा
मी बोटांत गच्च धरला,
आणि ओठ आपोआप,
एक,
दोन,
तीन