चौदावी रेघ

लळिंगच्या कुरणात सकाळचे नऊ-दहा.
पवन्या कमरेला लागतो, कुसळं सलवारीत शिरतात,
घाटातून ट्रक गिअर बदलत वर चढतात
आणि मी वहीत रेघा मारते :
एक रेघ, एक बिबळ्या कडवा.

रुईच्या पानामागे अळी,
पट्ट्यापट्ट्यांची, अंगावर शिंगांच्या तीन जोड्या.
आधी देठ कुरतडते, चीक वाहून जाऊ देते,
मगच पानाला तोंड लावते.
हे तिला कुणी शिकवलं,
त्यासाठी वहीत रकाना नाही.

शेजारच्या पानाखाली कोशाचा हिरवा थेंब,
त्यावर सोन्याचे टिपके,
जळगावच्या पेढीवरून उधार आणल्यासारखे.

नर खुळखुळ्याच्या वाळक्या शेंगांवर.
तिथे मध नाही.
काहीतरी कडूच आहे, तेच चोखत बसतात.
त्याशिवाय मादी ढुंकून बघत नाही म्हणे.

शेळ्या घेऊन सुपडाबाई आली.
"काय गनी ऱ्हायनी व माय?"
पाखरं, म्हटलं.
"मंग? पगार भेटस?"
नाही.
तिने डोक्यावरचा पदर सारखा केला,
मला नीट पाहून घेतलं.
"हाई कडू शे. चिडी एकदाव धरस, थुकी देस.
मंग जलमभर नाव नही लेस."

दहा. बारा. चौदा.

चौदावं घाणेरीवर टेकलं, पंख उघडून.
तोच केशरी, तीच काळी किनार, तोच आळशी गिरका,
पण मागच्या पंखावर कडव्याचे तीन-चार ठिपके असतात,
हिला एकच, तोही पार काठाशी.
चांदव्याची मादी.
घोळाच्या पानावर वाढलेली, चवीला गोड,
कडूचं लुगडं नेसून उन्हात फिरणारी.

ही खोटी, मी म्हटलं, आणि पेन उचललं.

सुपडाबाई वाकली. बराच वेळ बघत राहिली.
घोळाची भाजी तिच्याही फडक्यात असेल,
भाकरीखाली, लसणाची.
"खोटी नको म्हनू तिले," ती म्हणाली,
"तिले बी जगनं शे."

तेवढ्यात एक पाठ बांध ओलांडून गेली
आणि ती हुर्र हुर्र करत तिच्या मागे.
वाऱ्याने खुळखुळा वाजला, थांबला.

बेरजेत तेरा लिहिलं.
रेघा अजून चौदाच आहेत.