कुवानोसे, कोळे-कल्याण

जेवणाच्या सुट्टीत मिनेगिशी-सान डब्याशेजारी
एक पुस्तिका उघडतात. बत्तीस पानं, दोऱ्याने शिवलेली.
त्यांच्या गावच्या स्टेशनचा इतिहास.
लिहिणारा तिथला शेवटचा स्टेशनमास्तर, म्हणजे त्यांचे वडील.
तुमच्या भाषेत कसं लागेल कानाला, म्हणाले.

मी दुभाषी. तासावर बोलते.
दिवसभर काँक्रीट, कंप, भूजलाची पातळी
इकडून तिकडे वाहते, तिकडून इकडे.
याचं बिल कुठल्या खात्यात टाकू, कळेना.

कुवा म्हणजे तुती. से म्हणजे
नदी जिथे घोट्याएवढी होते
आणि बोलायला लागते, ती जागा.
तुतीखळाळ, मी म्हटलं.
त्यांनी ते वहीत देवनागरीत उतरवून घेतलं,
दोन्ही ळ उताणे.

तर, तुतीखळाळ.
बांधलं रेशमाच्या कोषांसाठी. माणसं नंतर.
पहिली सात वर्षं छप्पर फक्त मालाच्या बाजूला;
माणसं भिजली तरी वाळतात,
असं कंपनीचं पत्र, पान चार.
पान नऊ: घंटा युद्धात वितळवायला नेली.
मग फळीवर मोगरी आपटून गाडीची वर्दी.
पुढची तीन पानं नुसता बर्फ,
रोज सकाळची उंची, खांबावर खडूने.
पान सतरावर एक छत्री. मालक परत आला नाही.
बावीस वर्षं दर उन्हाळ्यात ती उघडून
काड्यांना तेल लावल्याची नोंद आहे, तारखेसकट.
आणि शेवटी:
सहा बाराची गाडी आली. कोणी उतरलं नाही.
दिवा पुसून ठेवला.

कोणी पुसला, ते मुळात नाही.
त्यांच्या वाक्याला कर्ता लागत नाही.
आपल्याही, बघा, लागत नाही.
हे एकच वाक्य मी न अडखळता आणलं.

डबा बंद करताना त्यांनी विचारलं,
आपण खणतोय, तिथे आधी काय होतं?
चिखल, म्हटलं. तिवरं.
उत्तर बरोबर होतं, पण मला ते
दुसऱ्याच्या घरातून उचलून आणल्यासारखं वाटलं.

गेटवरच्या आल्विन मिस्किटाने ऐकलं.
"गाडी होती की, मॅडम. या बाजूनेच जायची.
आमच्या मावशीच्या दारात तुकडा पडलाय अजून."

रविवारी कालिन्याला, क्रुसामागच्या गल्लीत.
तुर्भ्याहून अंधेरीला जायची, सहा वर्षं चालली म्हणतात,
उतारू मिळेनात, मग रूळ उपटून नेले.
रेजिनाबाय त्र्याऐंशीची. "मी नाय पाहिली. बापूस सांगायचा,
इतकी हळू, का उतरून शेतातली काकडी तोडायची
नि मागच्या डब्यात चढायचं."
थोडं थांबून: "खोटं पण लई बोलायचा बापूस."
स्टेशनला नाव?
"ठेसन. अजून काय नाव."

ओट्याला पायरी म्हणून आडवा टाकलेला सागवानी स्लीपर,
मधोमध पावलांनी खोलगट.
मिनेगिशी-सानांनी गल्लीतच बूट काढले,
गुडघे टेकले, खिशातून टेप काढली,
खिळ्यांच्या भोकांतली माती काडीने उकरली.
मापलं. पुन्हा मापलं.
वहीत वजाबाकी केली.
तुतीखळाळपेक्षा सहाशे नऊ मिलिमीटर रुंद.
मग तळहात टेकून तसेच राहिले,
ताप बघतात तसे.
आल्विन माझ्याकडे बघत होता, मी काहीतरी भाषांतर करीन म्हणून.

ऊन्ह उतरलं. रेजिनाबायने कप उचलले,
आत गेली, बादली घेऊन आली,
नि पायरीकडे हात करून काही बोलली.
काय म्हणतात त्या, मिनेगिशी-सानांनी विचारलं,
वही उघडीच.

विशेष नाही, मी म्हटलं.
रोजची वेळ झाली. पायरी धुवायची आहे.
पाय वर घ्या.